सगळं दोन-दोन, निकालनी एकच

माझा डबा बघून रेंजवर लोक हसायचे. हसोत बापडे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. झाकणाला बिजागरी मी स्वतः रिव्हेट मारून बसवलेली, आत लाकडी पट्ट्यांचे खण पाडलेले. तीनशे यार्डांवर गोळी मारायला आलेला माणूस हा सुतारकामाचा बाडबिस्तरा कशाला वागवतो, असं क्लबातल्या एका डॉक्टरांनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं. पुढच्याच रविवारी त्यांच्या रायफलीच्या मागच्या साइटचा स्क्रू चौथ्या गोळीला उडाला आणि हेच डॉक्टर गुडघ्यावर बसून माझ्या डब्यात बोटं घालायला लागले. मी स्क्रू दिला. मी सगळ्यांनाच द्यायचो. तिथंच माझं वाटोळं झालं, पण ते क्रमानं सांगतो, नाहीतर माझाच राग माझ्या पायात येईल.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत फिटर होतो. खरं म्हणजे बदली फिटर. ज्याचा गिरणीशी संबंध आला नाही त्याला हा शब्द कळणार नाही. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, दारू पिऊन पडला, की त्याच्या जागी त्या दिवसापुरता ज्याला घेतात तो बदली. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येणार, तोंडं बघणार, तू ये, तू ये, तू नको, असं बोट फिरवणार. बोट आपल्यावर थांबलं तर काम, नाहीतर डबा घेऊन घरी परत. मी सात वर्षं त्या बोटाकडं बघत होतो. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती आणि खेड्यांतनं आलेली माणसं पण त्याच गेटवर उभी राहायची, त्यामुळं गर्दी लई.

संध्याकाळी घरी आलो की आई चुलीपुढनं मान न वळवता विचारायची, "खायम आतेनो?" आमच्या घरात आई कानडीच बोलायची. झालास का कायम, एवढाच प्रश्न. मी म्हणायचो, "इन्नू इल्ल." अजून नाही. मैंदर्गीच्या एका घरानं मुलगी दाखवली होती. मला ती पसंत होती, तिलाही मी चालणार होतो, पण तिच्या वडिलांनी चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता स्वच्छ सांगितलं होतं, "पावणं, कायम झाल्यावर या. लगेच अक्षता टाकू." त्यात त्यांचं काय चुकलं? रोज सकाळी बोटाकडं बघणाऱ्याला मी पण माझी बहीण दिली नसती.

नेमबाजीशी माझा संबंध असाच आला, यंत्र दुरुस्त करायला. शहराबाहेर मोहोळच्या वाटेला, माळावर, एका रायफल क्लबाची रेंज होती. क्लबात डॉक्टर, वकील, व्यापारी, आणि आमच्या गिरणीचे मॅनेजर. रायफली लष्करातनं बाद झालेल्या थ्री नॉट थ्री. दर रविवारी एक तरी रुसून बसायची. मॅनेजरसाहेबांनी एकदा मला गाडीत घालून नेलं. मी बोल्ट खोलला, स्प्रिंग बदलली, घासपूस केली. तिथं शिकवायला एक निवृत्त हवालदार होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ते म्हणाले, "दुरुस्त किया ना, अब मारके दिखा." मी आयुष्यात पहिल्यांदा ताडपत्रीवर पालथा झालो आणि पाच गोळ्या मारल्या. खंदकातल्या माणसांनी टारगेट खाली घेऊन परत वर केलं तेव्हा पाचही भोकं तळहाताखाली झाकतील एवढ्यात होती. उस्ताद नुसते माझ्या हाताकडं बघत राहिले.

मग मला वर्गणीशिवाय सभासद करून घेतलं. त्यांना फुकटचा फिटर मिळाला आणि मला रविवार मिळाला. दीड वर्षात क्लबात माझ्यावर कुणी राहिलं नाही. ही बढाई नाही, गुणांचे कागद होते. तेव्हा मॅनेजरसाहेब एकदा उस्तादांच्या समोर म्हणाले, "राज्याच्या संघात निवडून आलास ना, तर तुला कायम करून टाकतो. गिरणीचं नाव होईल." त्यांना ते वाक्य सहज सुचलं असेल. मी ते घरी नेलं, आईला सांगितलं, आईनं मैंदर्गीला निरोप धाडला. एका वाक्यावर आम्ही दोन घरं टांगून ठेवली.

उस्तादांचं म्हणणं असं की नेम निम्म्याहून जास्त जणांना येतो. माणूस हरतो तो रायफल दगा देते तेव्हा. दगा ती देणारच, कधी देणार तेवढंच ठाऊक नसतं. "हर चीज दो रख," ते म्हणायचे. "एक तुझी, एक दग्याची." मी तसं केलं. स्ट्रायकर दोन, स्प्रिंगा दोन, प्रत्येक मापाचे स्क्रू दोन, पट्टा दोन. नळी साफ करायची दोरी दोन, कारण ती ओढताना तुटली आणि चिंधी आत अडकली तर रायफल म्हणजे नुसती काठी. नळीच्या टोकावरच्या पट्टीला उस्ताद मक्खी म्हणायचे. ती उन्हात चकाकते आणि नेम फसवते, म्हणून तिच्यावर कापराची काजळी धरायची. कापराच्या वड्या पण दोन डब्यांत, एक ओली झाली तर दुसरी. आई म्हणायची, देवाला कापूर नाही आणि ह्याच्या बंदुकीला आरती.

पण नुसतं सामान बाळगून भागत नाही. उस्ताद माझा पिच्छा पुरवायचे. मी पाणी प्यायला गेलो की माझ्या रायफलीला काहीतरी करून ठेवायचे. कधी दस्त्याचा स्क्रू ढिला, कधी पट्ट्याचं कडं उलटं, एकदा तर चेंबरमध्ये ओली चिंधी कोंबली. मी घोडा दाबायला जायचो आणि काहीतरी अडायचं. मग ते घड्याळ काढून मागं उभे. नियमात दुरुस्तीला दहा मिनिटं मिळायची, ते मला सहा द्यायचे. कुणाला शिव्या घालायच्या नाहीत, कुणी केलं विचारायचं नाही, का झालं विचारायचं नाही. हात घालायचा, अडलेलं सोडवायचं, परत आडवं व्हायचं. "गुस्सा बाद में," म्हणायचे. वर्षभरात माझे हात असे झाले की रायफल अडली की डोक्याला कळायच्या आत डब्यात गेलेले असायचे.

एक दगा मात्र डब्यातल्या कशानं भागत नव्हता. जुन्या रायफलीत काडतुसामागची जागा सैल झालेली असते. गोळी सुटते तेव्हा पितळी काडतूस ताणतं आणि कधी कधी बुडापासून तुटतं. बोल्ट उघडला की नुसतं बूड बाहेर येतं, काडतुसाची वरची नळी आत चिकटून बसते. दुसरं काडतूस जात नाही. लष्करात ते काढायला एक छोटं अवजार मिळायचं. काडतुसाच्याच आकाराचं, पुढं बारीक ओठ असलेलं. ते आत सरकवायचं, बोल्ट लावायचा, ओठ त्या तुटक्या नळीच्या पलीकडं जाऊन अडकतो, बोल्ट उघडला की सगळं बाहेर. उस्ताद त्याला निकालनी म्हणायचे. क्लबाकडं एकही नव्हती. उस्तादांनी खडूनं फरशीवर काढून दाखवली आणि मी जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या लेथवर ती घडवली. भाकरी तशीच राहिली त्या आठवड्यात. तिसऱ्या प्रयत्नाला बसली. बोल्टात सरकली तेव्हा असा आवाज झाला की उस्ताद म्हणाले, "फौज की लगती है."

दुसरी करायला घेतली. कडक करायला तापवून पाणी देताना तडकली. परत लेथ लावला तर फोरमननं पकडलं. "बदली माणूस आणि गिरणीच्या लेथवर खेळणी करतोस व्हय?" मी लेथ बंद केला. म्हटलं, बघू पुढं. निवड चाचणीला अजून चार महिने होते. चार महिन्यांत मला एक दुपार मिळाली नाही का? मिळाली असती. बाहेरच्या कुठल्याही लेथवाल्याकडं जाऊन घडवता आली असती. मी गेलो नाही. डब्यात सगळं दोन-दोन, निकालनी एकच. हा दोष माझा, तो मी कुणाच्या माथी मारत नाही.

चाचणी आमच्याच रेंजवर होती, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी तीनशे यार्ड, पंधरा गोळ्या. त्यातले वरचे सहाजण दुसऱ्या दिवशी सहाशे यार्डांवर मारणार आणि त्यातनं दोघं राज्याच्या संघात. पुण्याकडनं आलेले लोक होते, तंबू होता, खुर्च्या होत्या, एक मोठे लष्करी पाहुणे होते. आमच्या क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे वकीलसाहेब. चांगला बोलणारा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, मला नेहमी "काय रे कारागीर" म्हणून हाक मारणारा माणूस. वाईट होता असं म्हणवत नाही. मला एकदा त्यांनी आपला जुना कोट दिला होता, मी तोच घालून ताडपत्रीवर पडायचो, कोपरं टोचू नयेत म्हणून.

वकीलसाहेब पहिल्या तुकडीत, मी दुसऱ्या. नवव्या गोळीला त्यांनी हात वर केला. काडतूस तुटलं होतं. रेंज ऑफिसरनं घड्याळ लावलं. मी डबा घेऊन धावलो, निकालनी सरकवली, बोल्ट मागं ओढला, तुटकी नळी टणकन ताडपत्रीवर पडली. एक मिनिट पण लागलं नसेल. लष्करी पाहुण्यांनी मान डोलावली. मी निकालनी पुसून डब्यात ठेवणार तेवढ्यात वकीलसाहेबांनी हात पुढं केला. "राहू दे माझ्याकडं. परत फुटलं तर तुला कुठं पळवू." मी त्यांच्या तळहातावर ती ठेवली.

आता बघा. गिरणीत अवजार खोलीतनं साधा पाना घ्यायचा असला तरी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला टांगावा लागतो. पाना परत आला की बिल्ला परत. बिल्ला न घेता मी माझ्या सख्ख्या भावाला स्क्रू ड्रायव्हर दिला नसता. तशी सवयच असते आम्हा लोकांना, हातातलं अवजार देताना दुसरा हात बिल्ल्यासाठी आपोआप पुढं येतो. त्या दिवशी पण माझा हात पुढं आला होता, मला चांगलं आठवतं. मी तो मागं घेतला आणि पँटला पुसला. वकिलाकडं बिल्ला कसा मागायचा? आणि रेंजचा रिवाज असा की कुणी अडला तर मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही.

त्यांची तुकडी संपली. ते उठून तंबूकडं गेले. मी बघत होतो. पाहुण्यांशेजारी खुर्चीवर बसले, चहा आला, मॅनेजरसाहेब पण तिथंच. मी निम्म्या वाटेपर्यंत गेलो आणि थांबलो. मोठी माणसं बोलत होती. मध्ये जाऊन "साहेब, माझं अवजार" असं कसं म्हणायचं? आणतील की आठवणीनं, असं म्हणून मी परत फिरलो. दुसऱ्या तुकडीची शिट्टी झाली आणि मी आडवा झालो.

त्या दिवसासारखं मी नंतर कधी मारलं नाही. वारा डावीकडनं होता, हलका, एकसारखा. दहा गोळ्या झाल्या तेव्हा एक सोडून सगळ्या काळ्या गोलाच्या मधोमध. मागं उस्तादांचा श्वास ऐकू येत होता. अकरावी मारली, बोल्ट उघडला आणि नुसतं बूड बाहेर आलं.

मी हात वर केला. घड्याळ सुरू झालं. मी ओरडलो नाही, साध्या आवाजात म्हणालो, "वकीलसाहेब, निकालनी द्या की."

वकीलसाहेब खुर्चीतनं अर्धवट उठले. कोटावरनं हात फिरवला, वरवर. म्हणाले, "अरे, ती तर मी तेव्हाच तुझ्या डब्यात टाकली की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी डबा उघडला. तिचा खण रिकामा. म्हटलं दुसऱ्या खणात पडली असेल. सगळा डबा ताडपत्रीवर पालथा केला. स्प्रिंगा, स्क्रू, कापूर, चिंध्या, सगळं दोन-दोन. वकीलसाहेब मागनं सांगत होते, "नीट बघ, घाई करू नकोस, असेल तिथंच." किती मायेनं सांगत होते. उस्ताद पण गुडघ्यावर बसले आणि माझ्याबरोबर शोधायला लागले. ते मला सगळ्यात जास्त लागलं. शोधायला बसले म्हणजे त्यांना पण वाटलं, असेल ह्याच्याकडंच. रेंज ऑफिसर म्हणाले, "सहा मिनिटं झाली."

मग गजाला घट्ट चिंधी गुंडाळून पुढनं ठोकून बघितलं. तुटकी नळी हलेना. शेवटच्या दोन मिनिटांत क्लबाची दुसरी रायफल घेतली. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. माझ्या डोळ्याला तिच्या साइटा कधी लावलेल्याच नव्हत्या. चार गोळ्या राहिल्या होत्या. पहिली कुठं गेली ते खंदकातल्या लोकांना पण सापडलं नाही. दुसरी खाली डावीकडं. तिसरी-चौथी मी जमवून आणल्या, पण तोवर झालं होतं. मी सातवा आलो. सहावा माझ्यापुढं दोन गुणांनी होता. वकीलसाहेब तिसरे.

मॅनेजरसाहेब गाडीकडं जाता जाता माझ्याजवळ थांबले. डब्याकडं बोट करून म्हणाले, "एवढा मोठा संसार घेऊन फिरतोस आणि ऐन वेळी अवजार हरवतोस. ज्याला आपलं अवजार सांभाळता येत नाही त्याच्या हाती खातं कसं द्यायचं?" मी म्हणालो, "साहेब, मी दिली होती त्यांना." ते म्हणाले, "त्यांनी परत दिली ना पण." आणि गेले. संघ राहिला बाजूला, आता मी निष्काळजी पण ठरलो. फिटरला निष्काळजी म्हणणं म्हणजे काय ते फिटरलाच कळेल.

घरी आईनं विचारलं ते मी ऐकलं नाही असं केलं. जेवलो नाही. डबा परत रिकामा केला, परत भरला. आणि हळूहळू माझं डोकं मलाच फिरवायला लागलं. एवढा शिकलेला माणूस, एवढ्या लोकांत, खोटं कशाला बोलेल? दिली असेल त्यांनी. माझ्या हातात दिली असेल, मी नेमाच्या नादात डब्याऐवजी बाहेर टाकली असेल. मला तो प्रसंग दिसायला पण लागला, त्यांचा हात, माझा हात, सगळं. माणूस स्वतःविरुद्ध किती पटकन साक्ष देतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सायकलनं रेंजवर गेलो. कुणी आलं नव्हतं. माझी जागा धरून वाळलं गवत हातानं चाळायला लागलो. कुसळं बोटांत घुसत होती. थोड्या वेळानं उस्ताद आले. मला बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं ते पण गवत चाळायला लागले. साठीच्या पुढचा माणूस, पाठ दुखायची त्यांची. आम्ही दोघांनी दीड तास ते गवत पिंजून काढलं. लोक यायला लागले तेव्हा उठलो.

सहाशे यार्डांची नेमबाजी सुरू झाली. मी मागं डबा घेऊन बसलो, कारण क्लबाच्या रायफली बघायला कुणीतरी लागतं. पुण्याचा एक गडी सगळ्यांच्या पुढं होता. दुसऱ्या जागेसाठी वकीलसाहेब आणि आणखी एकजण अगदी बरोबरीत चालले होते. सहाव्या गोळीला वकीलसाहेबांनी बोल्ट उघडला आणि बूड बाहेर आलं. हात वर झाला. घड्याळ लागलं.

आणि वकीलसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि निकालनी काढली.

माझ्या लेथच्या खुणा होत्या तिच्यावर, मला दहा पावलांवरनं ओळखू आली. मॅनेजरसाहेब माझ्या बाजूलाच उभे होते. पाहुणे होते, डॉक्टर होते, काल डबा पालथा होताना बघणारे सगळेच होते. वकीलसाहेबांनी मागं वळून मला बघितलं, जीभ चावली आणि हसले. "अरे, ही बघ, कोटातच राहिली होती. काय माणूस मी पण." दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, वकीलसाहेब विसराळूच. एकदा ते बायकोची छत्री कुठं विसरून आले होते, तो किस्सा पण कुणी सुरू केला.

मी पण हसलो. अहो, दात दाखवले मी. एवढी वर्षं झाली, तरी ते हसू आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांना ती लावता येईना. उलटी सरकवत होते, बोल्ट बसेना. घड्याळ चाललं होतं. त्यांनी हाक मारली, "कारागीर, बघ जरा." मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. लांबलचक नाही. मॅनेजरसाहेबांकडं बघून म्हणायचं, साहेब, अवजार मी हरवलं नव्हतं. बास. रायफलीला हात लावायच्या आधी, फक्त एवढंच. कुणी मला खायला उठलं नसतं. वाक्य तोंडात तयार होतं.

मी गेलो, गुडघ्यावर बसलो, निकालनी सुलटी केली, सरकवली, बोल्ट लावला, ओढला. तुटकी नळी बाहेर आली. चेंबर पुसलं, मक्खीवर कापराची काजळी धरली, कारण उन्ह चढलं होतं आणि तिची चकाकी त्यांच्या ध्यानात आली नसती. उठताना त्यांनी तळहात पुढं केला आणि मी निकालनी परत त्यांच्याच हातावर ठेवली.

मागं आलो तर मॅनेजरसाहेब म्हणाले, "हां, हे काम तुझं. ह्यात तुला तोड नाही." पाठीवर थाप पण मारली. कालच्या वाक्याबद्दल एक शब्द नाही. त्यांना ते आठवत तरी होतं का कोण जाणे. वकीलसाहेब एका गुणानं दुसरे आले आणि राज्याच्या संघात गेले. मैंदर्गीच्या त्या मुलीचं पुढच्या उन्हाळ्यात अक्कलकोटला एका कंडक्टरशी लग्न झालं. कायम होता तो. मी त्यानंतर पाच वर्षं बदलीच राहिलो, मग दुसऱ्या गिरणीत गेलो.

त्या दुपारी तंबू सोडत होते, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. उस्ताद माझ्यापाशी आले. बोटांतली कुसळं उपटत होते. म्हणाले, "बोल्या कैकू नै रे?"

मी म्हणालो, "दहा मिनिटं चालू होती, उस्ताद. तुम्हीच सांगितलंय, गुस्सा बाद में."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी खोटं बोललो होतो. दहा मिनिटांचं मला काही नव्हतं. वकीलसाहेब नाराज होतील, मॅनेजरसाहेब म्हणतील बदली माणूस तोंड वर करून बोलतो, एवढीच भीती मला होती, आणि त्या भीतीसाठी मी उस्तादांची शिकवण पुढं केली. वकीलसाहेब कदाचित खरंच विसरले असतील. मी काही विसरलो नव्हतो.

"हौ," उस्ताद म्हणाले, "बाद में." आणि सायकलीला टांग मारून निघून गेले. पुढच्या रविवारी माझी रायफल बघायला ते आले नाहीत, आणि त्यानंतरच्याही नाही.